कारध्याचा पूर अंदमानात ओसरला

मोहाडीच्या चंद्रकुमारांना आजवर कुठलीच गोष्ट पसंत पडलेली नाही, हे एकदा सांगून टाकलं की त्यांचं अर्धं चरित्र झालं. दुसऱ्याच्या लग्नातली भाजी, शेजाऱ्याचा नवा ट्रॅक्टर, नागपूरची मेट्रो. राइस मिलमध्ये सुपरवायझर असताना ओल्या धानाच्या पोत्याकडे जसे बघायचे, तसेच या सगळ्यांकडे बघतात. पसंत एकच, स्वतःचं पोहणं. लग्नाच्या वर्षी वैनगंगेला पूर, पुलावर पाणी, आणि यांनी भंडाऱ्याच्या काठावरून जी उडी टाकली ती थेट पलीकडे कारध्याला, सासुरवाडीच्या दारात. बाबुलालच्या चहाटपरीवर ही हकिगत इतक्यांदा सांगून झाली होती, की त्यातला पूर दरसाल वीतभर चढत असे.

खरं काय ते एकट्या ललिताबाईंना ठाऊक. माहेर त्यांचंच, आणि त्या दिवशी काठावर त्याच उभ्या. पूर केव्हाच उतरला होता. चरून घरी परतणाऱ्या त्यांच्या बापाच्या म्हशीचं शेपूट जावईबापूंनी दोन्ही हातांनी धरलं होतं, डोळे गच्च मिटले होते, आणि पोहत होती ती म्हैस! ललिताबाईंनी हे एवढी वर्षं पोटात ठेवलं. नवऱ्याची लाज राखायची म्हणून म्हणा, की असलं हत्यार उगाच वाया जाऊ नये म्हणून म्हणा.

मग नागपुरात नोकरीला असलेल्या राखीनं, त्यांच्या लेकीनं, दोघांना अंदमानच्या एका बेटावर नेलं.

पहिल्याच दिवशी चंद्रकुमार बूट-मोज्यांसकट किनाऱ्यावर उभे राहिले. पांढऱ्या रेतीची चिमूट बोटांत चोळून म्हणाले, "विटांच्या जुडाईले नाही चालत हे. आपली रेती ट्रकानं जाते, अन् हे लोक हिच्यावर लोळाले विमानानं येऊन राहिले!"

काचेच्या बुडाच्या बोटीत बसवलं, खाली प्रवाळ दाखवलं. "दगडं होत. वल्ली दगडं." नारळपाणी मचूळ. मासळी थाळीत आली, तिला मोहाडीच्या बाजारात कुत्र्यानंही हुंगलं नसतं. संध्याकाळी सूर्य पाण्यात बुडाला आणि पर्यटकांनी टाळ्या वाजवल्या. चंद्रकुमारांनी आजूबाजूला कीव येऊन पाहिलं. "टाळ्या काहून वाजवून राहिले हे? उद्या बुडणार नाही का तो?"

"बाबा, उद्या तुमच्यासाठी खास आहे," राखी म्हणाली. "स्नॉर्कलिंग. तोंडाला मास्क लावून खोल पाण्यात तरंगायचं, खालचे रंगीत मासे पाहायचे. गाइडले सांगून ठेवलं मी, आमचे बाबा पूर पोहून गेलेले माणूस आहेत म्हणून. मी व्हिडिओ काढते, बाबुलालकाकाच्या ग्रुपवर टाकते."

चंद्रकुमारांनी खात असलेली नारळाची मलई बाजूला ठेवली. इतक्या वर्षांची पुंजी एका सकाळीत बुडणार होती, तीही बाबुलालसमोर.

"मले सर्दी आहे," ते म्हणाले.

"कुठं आहे?" ललिताबाई म्हणाल्या. "जा ना, अवो. तुम्ही तं पूर पोहलात. हे पाणी तं झोपलेलं आहे."

सकाळी त्यांना नारिंगी जॅकेट चढवलं, नाकाडोळ्यांवर मास्क बसवला. अशा अवतारातही त्यांनी इतर पर्यटकांकडे तुच्छतेनं बघायचं सोडलं नाही. गाइड होता धिप्पाड, पाठीवर केसांची जाड वेणी. "अंकल तो तैराक हैं, इनको ट्यूब नहीं चाहिए," म्हणून त्यानं ट्यूब किनाऱ्यावरच ठेवली आणि पुढे निघाला. छातीइतक्या पाण्यात पायाखालची रेती सरकली. चंद्रकुमारांनी डोळे मिटले. हातांनी मात्र आपली ओळखीची वस्तू शोधून काढली आणि ती वेणी गच्च धरली, दोन्ही मुठींत.

गाइड असा ओरडला की जवळच्या बोटीवरचे लोक उभे राहिले. तो बिचारा मान मागे टाकून काठाकडे निघाला, आणि मागून चंद्रकुमार, डोळे मिटलेले, तरंगत.

ललिताबाई रेतीवर बसल्या होत्या, त्या हसून हसून आडव्या झाल्या. "सोडू नोका! अवो, सोडू नोका! अश्शेच आले होते तुम्ही कारध्याले!"

"म्हणजे?" राखी वळली. आईनं सगळं सांगितलं. म्हैस कोणती, शिंगं कशी, शेपूट किती लांब. राखीच्या हातातला मोबाइल तोवर चालूच होता.

चंद्रकुमार मोहाडीत पोचायच्या आत व्हिडिओ पोचला. तरी दुसऱ्या दिवशी सकाळी ते टपरीवर गेले. न जाणं म्हणजे हरल्याची कबुलीच. बाकावरच्या माणसांनी पटापट मोबाइल खिशात घातले. बाबुलालनं कप पुढे केला, ओठ आवळून.

"कसा होता समुद्र, चंदूभाऊ?"

चंद्रकुमारांनी घोट घेतला, चहाकडे ओल्या धानासारखं पाहिलं, मग सगळ्यांकडे.

"भिकार," ते म्हणाले. "एवढं मोठं पाणी, अन् एक धड म्हैस नाही."