दामोदरभाऊ आणि दोन पाण्यांची रेघ

चंद्रपूरच्या स्टुडिओत मी पहिल्यांदा दामोदरभाऊंना पाहिलं, तेव्हा ते समुद्रावरची धूळ झटकत होते. समुद्र फोटोमागच्या रंगवलेल्या पडद्यावरचा होता: गडद निळं पाणी, दोन नारळ, गुलाबी आकाश. आमच्याकडच्या किती जोडप्यांनी खरा समुद्र न पाहता त्याच्या किनाऱ्यावर उभं राहून फोटो काढून घेतले असतील, कोण जाणे. मी संगणकाचा कोर्स करून नव्यानेच कामाला आले होते आणि फोटो सुंदर करून द्यायची मला भारी हौस. भाऊंनी माझं काम पाहिलं आणि पडद्याकडे बोट दाखवून म्हणाले, "बाई, याच्यावर कितीबी रंग लाव. हा पडदा हाय, हे सगळ्यायले ठाऊक हाय. फोटोले मात्र लोक खरं मानतात." मी मान डोलावली. डोक्यात काही शिरलं नव्हतं.

भाऊंचा सारा जीव काठांवर. वर्षातून एकदा कोकणात जाऊन ते राखाडी समुद्र टिपून आणत आणि उरलेलं वर्ष आपल्या नद्यांच्या काठी बसत. बसले की बसले. ऊन कलायचं, बगळा उडायचा, आणि मग कधीतरी एक फोटो. तोवर चहा निवून गेलेला असे आणि सोबतच्या माणसाचा जीव मेटाकुटीला आलेला असे. पंचाहत्तरीच्या गौरवग्रंथात हे कुणीतरी सांगायला हवं, म्हणून मीच सांगते. पण हळूहळू त्या बसण्याची गोडी मलाही लागली. पाहता पाहता आपण काठावर आहोत की पाण्यात, हेच उमगेनासं होई.

सिरोंच्याजवळ, प्राणहिता गोदावरीला मिळते तिथे, पोचय्यामामा लोकांना पार नेणारी नाव चालवत. पूल झाला, नाव बंद पडली आणि मामा कायमचे घुग्घुसला लेकीकडे राहायला निघाले. भाऊंकडे त्यांनी एकच मागितलं: तिथल्या भिंतीवर लावायला आपली नदी. भाऊंनी फोटो काढला, छापायचं काम माझ्याकडे आलं आणि मी अक्कल चालवली. संगमावर एक पाणी मातकट, दुसरं हिरवट, मध्ये लांबच लांब रेघ. मला तो डाग वाटला. मी सगळं पाणी एकसारखं निळं करून टाकलं. वर मूळ फोटोवरच ते साठवलं आणि कॅमेऱ्याचं कार्डही रिकामं केलं.

मामा घुग्घुसला जाता जाता स्टुडिओत आले. फोटो हातात धरून बराच वेळ पाहत राहिले. मग माझं मन मोडू नये अशा आवाजात म्हणाले, "लय छान हाय, बाई. पन हे कोनती नदी होय?"

धरणीने पोटात घेतलं तर बरं, असं मला झालं. भाऊ मला एका शब्दानेही बोलले नाहीत. मामांना म्हणाले, "चूक माही हाय. मी न पाहताच फोटो देऊन राह्यलो होतो. चला, नदीवर जाऊ." सत्तरी ओलांडलेले, गुडघा धरून चालणारे भाऊ दुसऱ्या दिवशी आम्हा दोघांना घेऊन आलापल्लीमार्गे बसने सिरोंच्याला गेले.

मुक्काम करून पहाटे काठावर पोचलो, तर पाण्यावर दाट धुकं. नदी दिसत नव्हती, नुसती ऐकू येत होती. मामा पायाने वाळू चाचपत अगदी पाण्यापर्यंत गेले आणि उभे राहिले. परतीच्या बसची वेळ होत आली, धुकं काही हलेना. शेवटी भाऊंनी होतं तसंच टिपलं. रेघ त्यात कुठेच नव्हती.

चंद्रपुरात तो फोटो छापताना मी चाचरत म्हणाले, "भाऊ, रेघ मी आखून देऊ काय? आता मले ठाऊक हाय, कुठून जाते ते."

"ज्यायची नदी हाय, त्यायले इचार."

मी विचारलं, तर शेजारीच उभ्या असलेल्या मामांनी फोटोतल्या धुक्यावर बोट ठेवलं आणि एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सावकाश नेलं. "राहू दे, बाई. हे इथून जाते. मले दिसते."

तो फोटो आज घुग्घुसच्या भिंतीवर आहे. काचेवर रोज तिथल्या खाणींमधल्या कोळशाची धूळ बसते, मामा रोज पुसतात. त्या दिवशी भाऊ रागावले असते, तर मी हे काम सोडून दिलं असतं. त्यांनी माझी चूक स्वतःच्या अंगावर घेतली, म्हणून मी अजून शिकते आहे. त्यांचे हे उपकार मी विसरणार नाही.

दामोदरभाऊंना उदंड, निरोगी आयुष्य लाभो. त्यांचे गुडघे त्यांना काठापर्यंत नेत राहोत. एकदा आपण सगळे, मामांनाही घेऊन, पुन्हा संगमावर जाऊ आणि धुकं उठेपर्यंत बसून राहू. चहा मी आणीन. निवला तरी मी कुरकुरणार नाही.