खुर्चीवर बसलेली आक्का

आमच्या गल्लीत कुणाच्या अंगात आलं की बायका हळदीकुंकू घेऊन धावतात आणि मी घरात जाऊन भांडी घासत बसते. लिंबू, उतारा, करणी... या कशावर माझा कधी विश्वास बसला नाही. देवाला हात जोडते, तेवढंच. माझी मुलगी स्वाती मोबाईलवर लोकांचे असले अनुभव वाचते आणि मलाही वाचून दाखवते. मी "काहीतरीच" म्हणून उठून जायची. आता तिच्याच जुन्या वहीत मागच्या पानांवर स्वतःचा अनुभव लिहायला बसले आहे. शाळा चौथीपर्यंतच झाली. कुणाला दाखवेन की नाही, ठरवलेलं नाही. पण मनात ठेवून ठेवून छातीवर दगड ठेवल्यासारखं झालं आहे.

मी कोल्हापुरात शाहूपुरीतल्या एका मेसमध्ये चपात्या लाटते. बाराव्या वर्षापासून मिश्री लावते. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुटून डब्यात भरायची आणि बोटाने दातांवर घासायची. ही सवय मला माझ्या थोरल्या बहिणीने, आक्काने लावली. दाढ दुखत होती म्हणून तिने स्वतःच्या बोटाने लावून दिली होती. आक्काचं सासर राधानगरीकडे. दोन म्हशी आहेत, भातशेती आहे. आई लवकर गेली, त्यामुळे मला न्हाऊ घालणं, वेणी घालणं सगळं तिनेच केलं.

मागच्या वर्षी मी तिच्याकडे गेले होते. तिने मला गोठ्यात बोलावलं आणि तोंड उघडून दाखवलं. उजव्या गालाच्या आत जखम होती, कडा पांढऱ्या झालेल्या. चार महिने भरत नव्हती. आमची चुलती तोंडाच्या रोगानेच गेली. शेवटी शेवटी आक्काच तिला चमच्याने पाणी पाजायची.

मी म्हटलं, "आक्का, दवाखान्यात जाऊया."

"गेली की चिरफाड करत्यात. काकूचं बघितलंस न्हवं?"

"मग मिसरी तरी सोड."

"तू सोडलीस व्हय? आली मोठी शानी." मग तिने माझा हात घट्ट धरला. "कुणाला सांगितलंस तर तुला लेकीची शपथ हाय."

शपथ घालून तिने माझं तोंडच शिवून टाकलं. मी कुणाला बोलले नाही. पण रात्रंदिवस तो गाल डोळ्यांसमोर असायचा.

पुढे माझ्याही हिरडीवर पांढरा चट्टा आला. दातांच्या डॉक्टरांनी मिश्री बंद करायला सांगितली. दोनदा डबा फेकला, दोनदा नवा आणला. शेवटी स्वाती मला मेसच्या वरच्या मजल्यावर घेऊन गेली. तिथे एक डॉक्टर संमोहनाने सवयी सोडवतात. मला वाटलं, डोळ्यांसमोर लोलक फिरवतील आणि मी काहीबाही बडबडेन. मला लाज वाटत होती.

डॉक्टर वयाने लहानच होते. मला मावशी म्हणाले. "मावशी, ही जादू नाही. तुम्ही झोपणार नाही, माझा आवाज शेवटपर्यंत ऐकू येईल. मन शांत झालं की सांगितलेलं त्याच्या आत जातं, एवढंच. भीती, झोप न लागणं, नखं खाणं, तंबाखू... अशा गोष्टींना उपयोग होतो. चट्टा याने जाणार नाही, तो दातांच्या डॉक्टरांनाच दाखवत राहायचा. आणि तुमच्या मनाविरुद्ध मी तुमच्याकडून काहीही करून घेऊ शकत नाही."

तो मंगळवार होता. संध्याकाळचे साडेपाच वाजले असतील, दुपारची जेवणं उरकून रात्रीची कणीक भिजवायच्या आधीची वेळ. स्वाती बाहेर बसली. डॉक्टरांनी मला मागे रेलायच्या खुर्चीवर बसवलं आणि सावकाश दहापासून खाली आकडे मोजले. पाय जड झाले. खाली मेसमध्ये कुकरच्या शिट्ट्या होत होत्या त्या ऐकू येत होत्या, पण लांब कुठेतरी.

"आता समोर एक खुर्ची आहे. त्या खुर्चीवर तुम्ही स्वतः बसला आहात. नीट बघा. आता मी जे बोलणार आहे ते तिच्याशी बोलणार आहे. दिसतेय?"

मला खुर्ची दिसली. पण तिच्यावर मी नव्हते. आक्का होती. डोक्यावर पदर, हातभर हिरव्या बांगड्या, उजवा गाल थोडा सुजलेला. माझ्याकडेच बघत होती.

तेव्हाच सांगायला हवं होतं की डॉक्टर, ही मी नाही. पण मला कुणी चुकीच्या नावाने हाक मारली तरी मी 'ओ' देते. इतके शिकलेले डॉक्टर, त्यांना मध्येच कसं थांबवायचं... मी मान हलवली. दिसतेय.

ते म्हणाले, "मावशी, तुमचा उजवा हात हलका झालाय. फुग्यासारखा आपोआप वर येतोय..." माझा हात मांडीवरच पडून राहिला. बराच वेळ त्यांनी सांगितलं. मग एक ते पाच मोजले, हात पूर्ववत होईल म्हणाले, मी डोळे उघडले. "काही जणांचं पहिल्या वेळी होत नाही," असं म्हणून त्यांनी पुढच्या मंगळवारी बोलावलं.

दुसऱ्या दिवशी आक्काचा फोन आला.

"अगं, काल धार काढाय बसल्तो आणि उजवा हात आपोआप वर गेला. खाली ओढला तरी खाली येईना. म्हस बिथरली, चरवी लवंडली, सगळं दूध शेणात. दाजी तुझं म्हणत्यात, लकवा मारला हिला. पाच-धा मिंटात आला खाली, पर तरी ओढत नेलंच दवाखान्यात. तिथली नर्स म्हणती, मावशी, तुमच्यापरीस माझंच बीपी जास्त हाय."

मी हसले. खरंच हसले. हात अवघडला असेल म्हटलं. तेव्हा माझ्या मनात दुसरं काहीच आलं नाही.

पुढच्या मंगळवारी डॉक्टरांनी आधी विचारलं, "तुम्हाला अजिबात सहन होत नाही असा वास कोणता?" मेसमध्ये एकदा पोत्यात हात घातला आणि तो सडलेल्या बटाट्यात गेला होता. तीन दिवस बोटांचा वास गेला नव्हता. तेच सांगितलं. खोलीत आम्ही दोघंच होतो. त्यांनी पुन्हा आकडे मोजले, पुन्हा समोर खुर्ची आणली. पुन्हा आक्काच. "मिश्रीचा डबा उघडला की तुम्हाला तोच वास येईल. बोट तोंडाकडे न्यावंसं वाटणार नाही..." आक्का शांत ऐकत होती. या वेळीही मी बोलले नाही. खरं लिहायचं तर... या वेळी मला बोलायचंच नव्हतं. तिला सांगतायत तर सांगू देत, असं वाटलं.

घरी येऊन डबा उघडला. नेहमीचा खमंग वास. लावली. स्वातीने कपाळावर हात मारला. "आई, तू म्हणजे पालथा घडा आहेस."

शनिवारी मी मेसमध्ये लाटत होते. फोन वाजला. पिठाच्या हातानेच उचलला. आक्काचा आवाज चढलेला.

"त्या सारिकेला आज तिच्या म्हायेरी धाडतो बघ."

सारिका म्हणजे तिची सून. मी विचारलं, काय केलं तिने?

"माझ्या डब्यात काय तर कालवलंय. चार दिस झालं, उघडला की घाण वास. नवी तंबाखू आणली, नवा डबा केला, तरी त्योच. बोट तोंडाम्होरं नेलं की उलटी येतीया. हिनंच कायतर केलंय, मला ठावं हाय."

माझं लाटणं थांबलं. विचारू नये असं वाटत होतं, तरी विचारलं, "वास कसला?"

"सडक्या बटाट्याचा. आन घरात म्हैनाभर बटाटा न्हाय."

पुढे ती काय बोलली ते मला आठवत नाही. तव्यावरची चपाती काळी झाली, शेजारची बाई माझ्या नावाने ओरडली, तेव्हा कळलं की मी तशीच उभी आहे. चार दिवस म्हणजे मंगळवार. आणि त्याच्या आधीच्या मंगळवारी हात...

दुसऱ्या दिवशी रंकाळा स्टँडवरून पहिली गाडी पकडली. मी एकटी कुठे जात नाही, पण सून माहेरी गेली असती तर तो दोष माझा होता. घरात शिरले तर सारिका चुलीपाशी रडत होती, पिशवी भरून दारात ठेवलेली. दाजी मला बघून "या पावणं" म्हणाले आणि वाद नको म्हणून म्हशी घेऊन निघून गेले.

"आलीस व्हय? फोन न्हाय, काय न्हाय," आक्का म्हणाली.

"सारिकाला पाठवू नको. तिनं काय केलेलं न्हाय. माझ्यामुळं झालंय."

"तू कोल्हापुरात बसून माझा डबा नासवलास व्हय?"

मी खाली मान घालून सगळं सांगितलं. डॉक्टर, आकडे, खुर्ची, तिच्यावर बसलेली ती. आयुष्यात एका दमात इतकं बोलले नव्हते. आक्का आधी हसली. "मग त्या डाक्टरला म्हणावं, गुडघं बी दुखत्यात माझं. तेवढं बघ."

मी हसले नाही. मग तीही थांबली. हळू आवाजात विचारलं, "तो डाक्टर तुला मावशी म्हणतोय?"

हे मी सांगितलं नव्हतं. डॉक्टर मला काय म्हणतात हे बोलण्यात आलंच नव्हतं.

"व्हय," मी म्हटलं. "तुला कुणी सांगितलं?"

"हात वर गेला तवा कानात कोण तर बोललं. मावशी म्हणालं. मला वाटलं, दारात कोण आलंय. ओ दिली मी. बघितलं तर कोण न्हाय." तिने पदर तोंडावर ओढून घेतला.

सारिका चुलीपाशी उभी राहून ऐकत होती. आक्का तिच्याकडे न बघताच म्हणाली, "ती पिशवी आत ठेव. आन चहा टाक, तिघींस्नी."

चहा झाल्यावर तिने स्वतःच सारिकाला जवळ बोलावलं आणि तोंड उघडून दाखवलं. माझी शपथ तिथे सुटली. सारिका एवढंच म्हणाली, "आत्या, उद्याच्या गाडीनं जायचं." आक्काने वाद घातला नाही.

कोल्हापुरात मोठ्या दवाखान्यात जखमेचा तुकडा काढून तपासला. रिपोर्ट येईपर्यंतचे दिवस लिहवत नाहीत. रोग अजून झालेला नाही, पण वाट तिकडचीच होती, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मिश्री आधीच सुटली आहे हे ऐकून त्यांनी विचारलं, "कशी सोडली?" आक्का म्हणाली, "वास याय लागला," आणि माझ्याकडे बघितलं. औषध चालू आहे, दर महिन्याला दाखवायचं आहे. तिखट खाता येत नाही म्हणून ती घर डोक्यावर घेते. पण जखम भरत आली आहे.

मी वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरांना जाऊन सगळं सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. "मावशी, खोलीत नसलेल्या माणसावर सूचना चालत नाही. असं कुठे शिकवलेलं नाही, माझ्या बघण्यातही नाही. वासाचं तुम्ही फोनवर बोलला असाल आणि विसरला असाल."

"मी कुणालाच सांगितलं नव्हतं. तुमच्याकडे येते हेसुद्धा आक्काला माहीत नव्हतं."

"मग योगायोग असेल."

"आणि हात?"

त्यांनी पेन पुन्हा उचललं. म्हणाले, या वेळी स्वतःला बघून पुन्हा प्रयत्न करूया. मी नको म्हटलं. डोळे मिटून स्वतःला बघायचा मी घरी प्रयत्न केला आहे. आक्काच येते. तिला आणखी काय काय लागू होईल, या भीतीने मी परत गेले नाही.

स्वाती म्हणते, मन फार मोठं असतं. सारिका म्हणते, देवीने केलं. मला दोन्ही पटत नाही. मी लाजले आणि एक शब्द बोलले नाही, म्हणून माझी बहीण वाचली... याला काय म्हणायचं ते मला कळत नाही.

माझी मिश्री मात्र सुटली नव्हती. गेल्या गुरुवारी दुपारी घरात एकटी होते. डबा काढला, उघडला, बोट बुडवलं. बोट तोंडाजवळ नेलं आणि फोन वाजला.

"ठेव खाली," आक्का म्हणाली.

मी विचारलं, "काय?"

"काय ते तुला म्हाईत. मला हितं मळमळाय लागलंय. ठेव."

मी डबा झाकून ठेवला. पुन्हा उघडलेला नाही.