एक वीत वर

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांवर मी कायम चिडत आलोय. वायर ढिली असली की लाइट लुकलुकतो, त्यात आत्मा कुठून आला? मी आयटीआय केलेला माणूस, मोटर-पंपाच्या कामात उभं आयुष्य गेलं. तरीही हे लिहितोय, कारण इथे माझ्या कामाचं नाव पणाला लागलं होतं... आणि ते कुणी वाचवलं ते मला आजवर कळलेलं नाही.

२००७च्या आसपासची गोष्ट. उत्तनच्या रस्त्याला, तारोडीच्या अलीकडे जयेशभाईंचा बंगला. ते, त्यांची बायको आणि म्हातारी आई, जिला सगळे बा म्हणायचे. समुद्राच्या इतक्या जवळ कुणी बेसमेंट काढतं का? पण बिल्डरने काढलं, यांनी घेतलं! भरती आली की फरशीतून पाणी वर. तिथेच बाचं वॉशिंग मशीन. मी कोपऱ्यात कमरेइतका खड्डा खणून घेतला. चौक गावचे कोळी, माझे नेहमीचे प्लंबर दामूकाका, यांनी पाईप जोडला. मी पंप दोरीने तळापर्यंत सोडला, दोरी वरच्या हुकाला बांधली, वायर बोर्डाला दिली. बादलीभर पाणी ओतून पंप चालवून दाखवला. बाला सांगितलं, खड्डा भरला की बटण दाबायचं, बस.

दुसऱ्याच दिवशी जयेशभाईंचा फोन. "पाटीलभाई, कैसा काम किया? नीचे एक बित्ता पानी रह गया! मच्छर हो जाएँगे!"

धावत गेलो. पंप तळापासून बरोबर वीतभर वर लटकत होता. हुकावरची गाठ माझी नव्हतीच. मी म्हटलं, कुणीतरी हात लावलाय. भाई म्हणाले, "हम क्यों हाथ लगाएँगे?" मी गाठ सोडली, पंप खाली टेकवला, स्वतःच्या हाताने पक्का बांधला.

दोन दिवसांनी पुन्हा फोन. पुन्हा वीतभर पाणी! वर भाईंनी शेजारच्या दोन बंगल्यांत सांगून टाकलेलं — पाटीलला बोलावू नका, त्याला साधा पंप बसवता येत नाही. माझ्या डोक्यात तिडीक गेली. ज्या माणसाने कधी पाना हातात धरला नाही, त्याने मला शिकवायचं?

या वेळी दामूकाकांना सोबत नेलं, खरं म्हणजे पकडूनच नेलं. मला त्यांचाच संशय होता. त्यांनी दोरी हातात घेतली आणि गाठ उलटसुलट करून पाहिली.

"ही गाठ आमची हाय," ते म्हणाले. "होडीवरची. आता कोन मारतो अशी?"

"तुम्हीच मारता! गंमत करताय माझी?"

"मी न्हाय मारली. पाईप जोडला त्या दिवसापासनं इकडं पाय न्हाय ठेवला. इतकी वर्सं सोबत काम करतोय, नि माझ्यावर आळ घेतलास?" म्हातारा पिशवी उचलून चालत बस स्टॉपकडे निघून गेला. मी थांबवलंही नाही, इतका तापलो होतो.

मग मी हट्टालाच पेटलो. सकाळी दहाला पंप तळाला टेकवला, दोरीला चार गाठी मारल्या. बेसमेंटला एकच दार, खिडकी नाही. त्या दाराला माझं स्वतःचं कुलूप लावलं, किल्ली खिशात. संध्याकाळी पाचला भाई आणि बा दोघांच्या समोर कुलूप उघडलं.

खड्डा भरलेला. पंप वीतभर वर. एकच गाठ... तीच.

खरं सांगतो, भीती नंतर वाटली. आधी संताप आला. माझ्या कामात लुडबूड करणारा तू कोण? मेन स्विच पाडला आणि रागाने पंप वायरीसकट बाहेर ओढला. तेव्हा दिसलं.

पंपाची वायर आखूड होती म्हणून मी मध्ये जोड दिला होता, टेप गुंडाळून. तो काठाच्या वर राहील असा अंदाज होता. पण खणताना खड्डा ठरल्यापेक्षा खोल गेला आणि जोड आत गेला, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. टेप सुटली होती, आत तांबं उघडं. पाणी ज्या रेघेपर्यंत चढायचं, त्याच्या चार बोटं वर तो जोड कोरडा राहिला होता. पंप मी ठेवला तसा तळाला असता, तर तो भरल्या पाण्यात बुडाला असता. आणि बटण दाबायची बा. ओल्या फरशीवर, अनवाणी.

मी तो जोड मुठीत झाकला. भाईंना एवढंच म्हणालो, वायर बदलतो.

दुसऱ्या दिवशी अखंड वायर टाकली, पंप तळाला टेकवला. त्यानंतर तो कधीही वर आला नाही. दामूकाकांच्या घरी जाऊन माफी मागितली. त्यांनी जेवायला थांबवलं, पण त्या गाठीविषयी एक अक्षर काढलं नाही. वाऱ्याने दोरी ओढली, पाण्याने पंप उचलला, सगळं करून पाहिलं मनात. चार गाठी सोडून एक मारणारं पाणी मला तरी माहीत नाही. कुणाला स्पष्टीकरण सुचलं तर जरूर सांगा, फक्त मला वेड्यात काढू नका.

भाईंनी नंतर दोन्ही शेजाऱ्यांना माझंच नाव सुचवलं. शेवटचं बिल घ्यायला गेलो तेव्हा बाने चहा दिला आणि माझ्या दोन्ही हातांवरून हात फिरवला. "दीकरा, तारा हाथमां जस छे." हाताला यश आहे म्हणे माझ्या! खरं सांगायला तोंड उघडलं होतं मी. उघडलं, आणि चहा प्यायलो.