लपवणारा मेल्यावर वेणी कोणाची

मे महिन्यात आमच्या खामगावात भरदुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही. जेवणं उरकली की कूलर लावायचा, पडदे ओढायचे आणि उन्हं कलेपर्यंत घरात कोंडून घ्यायचं. त्या कोंडलेल्या वेळात मी भुतांचे न्यायनिवाडे करत असे.

फोनवरच्या एका अ‍ॅपवर मी खेळाचा गट चालवत होते. त्यात एक गाव होतं, पण शब्दांतलं. चित्र एकही नाही, सगळं लिहून खेळायचं. येणाऱ्याने आपली योनी निवडायची, म्हणजे खवीस, मुंजा, चकवा, हडळ, जे आवडेल ते, आणि त्या योनीच्या शक्तीने त्या गावात वावरायचं. कोणाचं नाव नाही, नंबर नाही. खेळाडूला त्याच्या योनीनेच हाक मारायची. नियम मात्र माझे. कॉम्प्युटरची पदवी घेऊन मी घर सांभाळत होते, तिचा एवढा तरी उपयोग व्हावा म्हणून या नियमांत मी जीव ओतला होता. शक्ती कोणावर चालते, चालली की नेमकं काय होतं आणि ती कशाने तुटते, हे तिन्ही लिहिल्याशिवाय मी कोणाला गावात घेत नसे. प्रत्येक शक्तीला तोड पाहिजे, नाहीतर खेळ एकाच्याच बापाचा होतो.

तसा तो झालाही होता. धामणगाव बढ्याचा म्हणवणारा एक खत-बियाणेवाला खवीस होऊन आला आणि त्याने सगळ्यांच्या नाकी नऊ आणले. त्याची ताकद कमी करायला मी दोन उन्हाळे खर्ची घातले. दर वेळी तो लिहायचा, "ताई, तुमी माह्याच मांगं काऊन लागल्या?"

हडळीचा प्रश्न वेगळा होता. लहानपणी मी ऐकलं होतं, तुम्हीही ऐकलं असेल, की हडळीची वेणी कापून जो घरात लपवतो त्याच्या घरी ती बाई होऊन राहते. स्वयंपाक करते, पोरं वाढवते, कोणाला संशयही येत नाही. वेणी हाती लागली की मात्र हातातलं काम टाकून निघून जाते आणि वळून बघत नाही. मी हे जसंच्या तसं तोड म्हणून लिहून टाकलं. बदल्यात तिला एक किरकोळ शक्ती दिली, की तिच्या हातचं जो खाईल त्याला तिच्यावर हात उचलता येणार नाही. बरी दिसली म्हणून दिली. पिंपळावर बसणाऱ्या, विहिरीवर भिववणाऱ्या बाईच्या हातचं कोण खायला जातंय?

त्या उन्हाळ्यात एक नवी हडळ आली. ती पिंपळावर गेली नाही आणि विहिरीवरही नाही. पहिल्याच दिवशी तिने लिहिलं, "माही वेणी कापेल हाय. मी एका घरात हाओ. भाकरी टाकून राह्यली."

असतील शितं तर जमतील भुतं म्हणतात. आधी मुंजा आला, मग चकवा, मग त्याचे दोस्त. रोज दुपारी ती वाढायची आणि सगळे गमतीने जेवून जायचे. शेवटी खवीस तिचं घर लुटायला गेला आणि पिठलं बघून त्याच्याच्याने राहवलं नाही. दुसऱ्या दिवशी त्याने तिच्यावर हल्ला केला तेव्हा माझ्याच नियमाने त्याचा हात वर जाईना. गावातली सगळ्यात मोठी शक्ती चुलीपुढे बसलेली होती आणि ती मीच देऊन बसले होते.

पण ती त्या शक्तीचं काहीच करत नव्हती. कोणाला हुकूम नाही, दम नाही. सगळ्यांचं जेवण झालं की एकच ओळ यायची. "आज पिठाचा डबा उपसला. नाई." "आज कोठीच्या बुडाशी पाह्यलं. नाई." ती वेणी शोधत होती. आधी सगळे हसले. मग हसणं कमी झालं. मुंजाने खेळ सोडला. खवीस मला एकटीला लिहू लागला, "ताई, हिले आवरा. तिची ती ओळ आली का माह्या अंगावर काटा येते." माझ्याही यायचा. खेळात कोणी इतक्या सावकाशीने काही शोधत नाही.

एके दिवशी तिने शोधायचं थांबवून मला प्रश्न विचारला. "वेणी लपोनारा मेला. कुठं ठेवली ते सांगून नाई गेला. आता ती वेणी कोनाची?"

नियमांत याचं उत्तर नव्हतं. खवीस लगेच पुढे सरसावला. "घराची. त्याच्या पोराची. वारसा चालते." चकवा म्हणाला, बरोबर आहे, नाहीतर हडळीला तोडच उरणार नाही. मी लिहिलं, विचार करून सांगते.

इथे माझ्या सासूबाईंबद्दल सांगायला हवं. बाई कमी बोलणाऱ्या आणि कामाला वाघ. सासऱ्यांना जाऊन फार काळ झाला नव्हता. एकटेपणात विरंगुळा म्हणून नवऱ्याने त्यांना फोन घेऊन दिला आणि बोललं की आपोआप लिहिलं जातं ते मी शिकवलं. त्यांचं माहेर लोणारकडचं सुलतानपूर, पण त्या गावाचं नाव आमच्या घरात निघत नसे. लग्न होऊन आले त्याच आठवड्यात शेजारणीने मला बजावलं होतं, तिकडची चौकशी करू नको. मी केली नाही. त्या उन्हाळ्यात त्यांनी घरातले सगळे डबे, कोठ्या, गाद्या उपसून उन्हात टाकल्या होत्या. मला वाटलं, वाळवणाच्या दिवसांतली साफसफाई.

त्या प्रश्नानंतर दोन-तीन दिवसांनी दुपारी वीज गेली. कूलर बंद पडला की आमच्या घरात कानातला बोळा काढल्यासारखं होतं. नवऱ्याचं गुरांच्या सरकी-ढेपेचं दुकान आहे. तो जेवायला घरी येतो आणि तासभर आडवा होतो, तसा समोरच्या खोलीत चटईवर झोपला होता. मागच्या खोलीतून सासूबाईंची कुजबुज येत होती. ती रोजच यायची. कूलरच्या घरघरीत शब्द कळत नसत आणि मी धरून चालले होते की जप चालला आहे. आज शब्द कळले.

"देवघराच्या मांगं पाह्यलं. नाई."

माझ्या हातातला फोन थरथरला. पडद्यावर तीच ओळ होती, अक्षर न अक्षर तीच.

माझी पाचावर धारण बसली. त्या बाईच्या हातचं मी लग्न झाल्यापासून खात होते. उठून मागे गेले, तर त्या देवघराशी पाठमोऱ्या बसलेल्या. फोन ओठाशी धरलेला.

"आई, काय शोधून राह्यल्या?"

त्या दचकल्या नाहीत. "मले काय मालूम. सापडलं असतं तं समजलं असतं."

"खेळात कशा आल्या तुम्ही?"

"तुनं तुह्या स्टेटसले लावलं होतं ना. मी दाबलं." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "उत्तर दे ना मंग. कोनाची?"

आणि त्यांनी सगळं सांगितलं. सासूबाईंच्या भावाच्या लग्नात सासऱ्यांना जावयाच्या मानाचा शेला बांधायचा राहून गेला. एवढंच. धांदलीत राहिला. ते तडक बायको-पोराला घेऊन घरी आले. माझा नवरा तेव्हा नुकता चालायला लागला होता. त्याला उभा केला, डोक्यावर हात ठेवला आणि बायकोला शपथ घातली. पुन्हा त्या गावात पाय ठेवशील तर या पोराचं...

"पुढं?"

"पुढं ते म्हनलेच नाईत. तसंच निंगून गेले. म्हनले असते तं बरं झालं असतं बाई. काय होईल ते तं समजलं असतं."

आपल्याकडे शपथ ज्याने घातली त्यानेच 'सुटली' म्हणावं लागतं, हे शाळेतल्या पोरांनाही ठाऊक असतं. सासरे गेले ते लकव्याने, जीभ आधी गेली. शेवटच्या दिवसांत सासूबाईंनी मुलाला खाटेशी बसवून सासऱ्यांचा हात आपल्या हाताने त्याच्या डोक्यावर ठेवला आणि वाट पाहिली. ते नुसते बघत राहिले. सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही म्हणतात तो हा. मला त्या मेलेल्या माणसाचा असा राग आला की भिंतीवरचा हार घातलेला फोटो काढून ठेवावासा वाटला.

"अन् आता तिकडं माही माय खाटेवर हाय. भावाचा फोन आला होता. डोये मिटायच्या आंधी पाह्यचं म्हनते मले. जावं तं याचं काय होईल? नाई जावं तं..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. अर्धं वाक्य सोडायची सवय बहुधा या घरातली.

मला जे म्हणायचं होतं ते तोंडावर आलं होतं. शपथबिपथ काही नसतं आई, उद्याच निघा. दुसऱ्या कोणाचा मुलगा असता तर म्हटलंही असतं. पण डोकं माझ्या नवऱ्याचं होतं आणि तो समोरच्या खोलीत तोंड उघडं टाकून झोपला होता. मी भ्याले. इतकी वर्षं लोकांना सांगत होते की काय होतं ते लिहा, मोघम शक्ती मी घेत नाही, कारण मोघम शक्तीला तोड देता येत नाही. अशी एक शक्ती माझ्याच घरात राहत होती आणि तिचा मालक वारलेला होता.

रात्री जेवताना मी नवऱ्याला सांगितलं. तो हसला. "मले तं आठवत बी नाही. जाऊ दे ना तिले, म्या कधी अडवलं?" पण पुढचा घास त्याने जरा उशिरा घेतला.

दुसऱ्या दिवशी मी गटावर निकाल दिला. वेणी वारशाने कोणाकडे जात नाही. लपवणारा मेला, तर त्या घरात जो तिच्या हातचं खाऊन जगला तो तिला सोडवू शकतो. मात्र फुकट नाही. सोडवल्याने जे काही व्हायचं असेल ते सोडवणाऱ्यावर येईल, दुसऱ्या कोणावर नाही. शक्ती, तोड आणि तोडीची किंमत. खवीस कुरकुरला आणि मग म्हणाला, "बराबर हाय ताई. पन सोडवीन कोन?"

सासूबाई फोन हातात घेऊन माझ्या दारात उभ्या होत्या. नवरा नुकताच जेवून चटईवर टेकला होता.

"तुनं लिवलं ना? मंग म्हन."

नवरा म्हणाला, "म्हन लवकर, मले दुकान उघडाचं हाय." मी त्याच्याजवळ बसले आणि डोक्यावर हात ठेवला. केसांखाली टाळू गरम लागत होती. दोनच शब्द म्हणायचे होते. तो आधी मिस्कील हसत होता. मी गप्पच राहिले तसं त्याचं हसू विरलं आणि तो मान न हलवता नुसता डोळे वर करून माझ्याकडे बघू लागला. सासूबाई दारातून बघत होत्या. कूलर चालू असून माझी पाठ घामाने ओली झाली.

"शपथ सुटली," मी म्हटलं. आवाज माझा वाटला नाही.

काहीच झालं नाही. नवरा उठला, चप्पल घालून दुकानात गेला. सासूबाई आत जाऊन पिशवी भरू लागल्या. मुलाला त्यांनी सोबत येऊ दिलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळच्या मेहकरच्या एस.टी.त बसल्या, तिथून भावाने नेलं. मी फाटकाशी उभी होते. त्यांनी वळून बघितलं नाही. त्या दिवशी नवऱ्याला दुकानातून यायला थोडा उशीर झाला, तर मी डोक्यावर पदर घेऊन उन्हात अर्ध्या रस्त्यापर्यंत गेले होते. तो समोरून येताना दिसला. तो म्हणाला, ढेपेची गाडी उतरवायची होती.

तिकडे त्यांची माय लेकीला पाहून उठून बसली. पेज घेते, बोलते. सासूबाई तिथेच राहिल्या आहेत, परत कधी ते काही बोलल्या नाहीत. भाकरी आता मी टाकते. गट मी बंद केला. खवीसाचा अजून मेसेज येतो, ती हडळ कुठे गेली म्हणून.

दुपारी त्यांचा फोन येतो, नेमका नवरा आडवा झालेला असताना. पहिला प्रश्न ठरलेला, "तो कसा हाय?" मी आधी समोरच्या खोलीत जाते, त्याची छाती वर-खाली होताना बघते आणि मग सांगते, बरा आहे. मग दुसरा येतो.

"अन् तू?"

सोडवणाऱ्यावर काय येतं तो नियम त्यांनी नीट वाचला होता. मी म्हणते, "मी बी बरी आहो, आई," आणि त्या फोन ठेवेपर्यंत तिथेच भिंतीला टेकून उभी राहते.