होपफुल

हरिशंकरपुरममध्ये मी इंग्रजीचे क्लासेस घेतो. खात्रीच्या शब्दांची फळ्यावर शिडी काढतो. सगळ्यात खाली होपफुल, मग लाइकली, त्यावर श्युअर, वर सर्टन. मुलांना सांगतो, श्युअर आपल्या मनाचं असतं, सर्टनला पुरावा लागतो. होपफुलमध्ये खात्री नसतेच, नुसती इच्छा असते.

बाबा कंपू भागातल्या एका दवाखान्यात होते तेव्हा डॉक्टर बाहेर येऊन मला म्हणाले, "देखिए, आय एम होपफुल." त्या शब्दाची पायरी दुसऱ्या कुणाला कळली नसती. मला कळली.

थोड्या वेळाने पुण्याहून धाकट्या बहिणीचा फोन आला.

"दादा, निघू का मी?"

"कशाला? बरे होतील म्हणालेत."

"पक्का ना?"

"सर्टन म्हणाले ते."

सासरी असलेली मुलगी अचानक बॅग घेऊन आली की आजारी माणूस काय ते समजून जातो, हे आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक. बाबांनी तिच्या बॅगेकडे पाहिलेलं मला सोसलं नसतं. तिला काय सोसावं लागेल, हे मनातही आलं नाही.

ती आली तेव्हा बाबांना बर्फावर ठेवलं होतं. "मला ओळखलं असतं ना रे त्यांनी?" तिने विचारलं. बाबा शेवटपर्यंत शुद्धीत होते. मी म्हणालो, "काय सांगणार." खोटी खात्री दिली म्हणून नातेवाईक डॉक्टरांना नावं ठेवत राहिले, आणि मी मान हलवत राहिलो. बरीच वर्षं.

यंदा श्राद्धाला ती आली होती. ओट्यापाशी खोबरं किसत होती. तेव्हा मी तिला डॉक्टरांचा खरा शब्द सांगितला. किसणी थांबली नाही.

"मुलांना हेच शिकवतोस ना रे, फळ्यावर?"

"हो."

"चांगलं शिकवतोस." मग म्हणाली, "वाटी सरकव इकडे."

भांडली असती तर बरं झालं असतं.

हल्ली आईला दाखवायला नेतो तेव्हा बहीण फोनवर असते. "स्पीकर लाव, दादा. आणि तू मध्ये बोलू नकोस." मी फोन डॉक्टरांच्या टेबलावर ठेवतो. ते तिच्याशी इंग्रजीत बोलतात, ती एकेक शब्द परत विचारून घेते. आई माझी बाही ओढते.

"काय म्हणतायत रे?"

"ती सांगेल," मी म्हणतो.