नलूकाकूंचा रिंगवूडचा बुधवार

भारतातून कुणाचे आईवडील आले की किस्से शोधायला जावं लागत नाही. ते बॅगांबरोबरच उतरतात. आईवडील परत जातात, किस्से मात्र आपल्याकडेच राहतात! साउथहॅम्प्टनला आम्ही मराठी मंडळी जमलो की जेवणं उरकायच्या आत कुणीतरी म्हणतंच, "केतकी, नलूकाकूंचा तो बुधवार सांग ना."

नलूकाकू म्हणजे माझ्याच हॉस्पिटलमधल्या मिलिंदची आई. काका गेले आणि मिलिंद त्यांना इकडे घेऊन आला. पण काकू आपल्या खिडकीशी बसून. जेवण दोन घास, बोलणं त्याहून कमी. "मला परत पाठव," एवढंच म्हणायच्या. शेवटी मिलिंद मला म्हणाला, "बुधवारी सुट्टी घे. रिंगवूडला बाजार असतो, आईला नेऊ या. तू बडबडी आहेस, उपयोग होईल."

हे कौतुक आहे असं समजून मी गेले! सोबत मिलिंदची मुलगी इरा. जन्म इथला, युनिव्हर्सिटीत शिकते, मोडकंतोडकं मराठी हौसेनं बोलते.

*

रिंगवूडच्या अलीकडे न्यू फॉरेस्ट लागतं. तिथे घोडी मोकळी फिरतात. आमच्यापुढे एक घोडी रस्त्याच्या मधोमध उभी राहिली. मागे गाड्यांची ही रांग! कुणी हॉर्न वाजवेना.

"आजी, तो घोडी इथला मालक आहे," इरा म्हणाली.

घोडी रमतगमत बाजूला झाली. तिच्यामागून दुसरी, मग तिसरी, मग एक शिंगरू, सगळी एकामागोमाग एक रस्ता ओलांडून गेली.

काकू म्हणाल्या, "काय बाई देश! घोडीसुद्धा रांगेत!"

मिलिंदनं आरशातून माझ्याकडे बघितलं. आईच्या तोंडून आज आख्खं वाक्य निघालं होतं.

*

बाजार म्हणजे आपल्या आठवडी बाजारासारखाच, फक्त आरडाओरडा कमी. भाजीच्या स्टॉलवर एक लालबुंद गालांचा माणूस होता. काकूंनी सवयीनं प्रत्येक टोमॅटो दाबून बघायला सुरुवात केली. मिलिंद शरमेनं मधाच्या बाटल्या बघायला लागला. तो माणूस मात्र हसत होता. त्यानं स्वतः चांगले निवडून पिशवीत घातले आणि म्हणाला, "देअर यू गो, माय लव्ह!"

"काय म्हणाला गं?"

"आजी, तो तुला 'माझी लाडकी' म्हणाला."

काकूंनी त्याच्याकडे नीट बघितलं. मग आमच्याकडे. "आख्ख्या संसारात ह्यांनी एकदासुद्धा म्हटलं नाही!"

आम्ही हसावं की रडावं या विचारात, तेवढ्यात काकू म्हणाल्या, "इरा, कांदेही याच्याकडूनच घे."

*

नदीकडे निघालो आणि काकूंचा गुडघा कुरकुरला. एका घराच्या कुंपणाला धरून त्या उभ्या राहिल्या. मिलिंद गाडी आणायला पळाला. इतक्यात त्या घरातून एक म्हातारेबुवा बाहेर आले, घडीची खुर्ची ठेवली आणि आत गेले. परत आले ते चहा घेऊन! पुन्हा आले ते उन्हाची छत्री घेऊन! काकू फूटपाथवर छत्रीखाली, हातात कपबशी, अगदी संस्थानिकासारख्या.

मी आणि इरा तो कप परत द्यायला दारापर्यंत गेलो. वळून बघतो तर एक गोरं जोडपं काकूंना पत्ता विचारत होतं! काकूंना इंग्रजीचं अक्षर येत नाही. पण त्यांनी आत्मविश्वासानं हात केला, "तिकडे." जोडपं गेलं की त्या दिशेनं!

"अहो काकू, काय विचारलं त्यांनी?"

"मला काय माहीत! पण माणसाला असं रिकाम्या हातानं पाठवू नये."

थोड्या वेळानं ते दोघं परत आले. दोघांच्या हातात आईस्क्रीम. "परफेक्ट! थँक यू सो मच!"

काकूंनी मान डोलावली. जणू दुकान त्यांचंच!

*

मिलिंद गाडी घेऊन आला, पण निघायच्या आधी चर्च बघायला शिरलो. मनोऱ्याच्या तळाशी सहा-सात माणसं गोल उभी राहून घंटांचे दोर ओढत होती. सगळी गावातलीच, हौशी. थांबल्यावर त्यांच्यातली प्रमुख, पांढऱ्या केसांची एक उंच बाई, आमच्याकडे बघून हसली.

काकू थेट तिच्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या. "इरा, हिला सांग. आमच्या मेणवलीच्या घाटावर यांच्यातलीच एक घंटा आहे. पेशव्यांच्या फौजेनं वसईच्या चर्चमधून आणलेली. मेरीमातेचं चित्र आहे तिच्यावर."

मिलिंद कुजबुजला, "आई, लुटीचं कशाला सांगतेस?"

पण इरानं सांगून टाकलं होतं.

त्या बाईंनी अगदी काळजीनं विचारलं, "इज शी ऑल राइट?" इरा म्हणाली, "आजी, ती घंटा बरी आहे का, विचारते."

"ठणठणीत!" काकू म्हणाल्या. "लग्न होऊन आले तेव्हा ह्यांनी पहिल्यांदा तिथेच नेलं होतं मला."

इरानं हेही सांगितलं. बाईंनी विचारलं, "कशी वाजते ती?"

काकूंनी डोळे मिटले. आणि भर चर्चमध्ये, थरथरत्या आवाजात, एक लांब सूर लावला. "ठण्णऽऽऽ..."

बाईंनी एका माणसाला खूण केली. त्यानं दोर ओढला. वर घंटा घुमली.

"आवाज जाड आहे," काकू म्हणाल्या.

दुसरी घंटा वाजली.

"अजून थोडी वर."

तिसरी वाजली. काकूंनी पदर डोक्यावरून घेतला आणि हात जोडले.

इरा भाषांतर करायला पुढे झाली. बाईंनी तिला हातानंच थांबवलं, आणि तो दोर स्वतःच्या हातात घेऊन तीच घंटा पुन्हा वाजवली.