एकाने कमी

मायक्रोस्कोपला डोळा लावण्याआधी रुख्माअक्का चपला दाराबाहेर काढायच्या, पदर खोचायच्या आणि खोलीतल्या सगळ्यांना एकदाचं शिंकून घ्यायला सांगायच्या. सगळ्यांत आमचे विभागप्रमुख सोनवणे सरही आले. "अक्का, मला शिंक येतच नाहीये," सर काकुळतीला येऊन म्हणायचे. "मंग भाईर जाईसन लई या," अक्का म्हणायच्या. आणि पदार्थविज्ञानात डॉक्टरेट मिळवलेला तो माणूस खरंच व्हरांड्यात जाऊन उन्हाकडे तोंड करून नाक वर धरून उभा राहायचा! मी खिडकीतून बघायची आणि हसू आवरेना म्हणून वहीत तोंड खुपसायची. पण अक्कांचं काही चुकत नव्हतं. टेबल केसभर हललं तरी त्यांचा तारा हरवायचा.

हे तारे आकाशातले नव्हेत. गोष्ट सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशीच्या सुमाराची. युरोपातल्या एका प्रयोगशाळेत गंधकाची अणुकेंद्रकं भयंकर वेगाने पळवायची आणि फोटोच्या रसायनाचा जाड थर दिलेल्या काचांमध्ये सोडायची, असा प्रयोग चालला होता. थरातल्या एखाद्या केंद्रकाशी टक्कर झाली की दोघांच्या ठिकऱ्या उडत, शिवाय टकरीच्या ऊर्जेतून नवेकोरे कण जन्माला येत. प्रत्येक कण जाता जाता थरात एक बारीक रेघ ओढून जाई. काच धुऊन मायक्रोस्कोपखाली धरली की एका बिंदूतून चहूकडे फुटलेल्या रेघा दिसत. तो तारा. त्या काचा लाकडी पेट्यांतून देशोदेशी जात, आणि सरांच्या चार वर्षांच्या पत्रव्यवहाराला यश येऊन त्यातली एक पेटी जळगावच्या आमच्या कॉलेजात येऊन पोहोचली होती. तारा शोधायचा, रेघा मोजायच्या, प्रत्येक रेघेचा कोन मोजायचा. यंत्र वगैरे काही नाही. माणसाचा डोळा हेच यंत्र.

आता असा डोळा आणायचा कुठून? एम.एस्सी. झालेली दोन मुलं आठवडाभरात डोकं दुखतं म्हणून पळाली. अक्का तेव्हा सरांच्या शेजारी राहायच्या. मूळ शिंदखेड्याकडच्या, यजमान डाळमिलमध्ये फिटर, आणि त्या स्वतःही मिलमध्ये डाळ निवडायला जायच्या. एके दिवशी सरांच्या बायकोने निवडून ठेवलेलं तुरीच्या डाळीचं ताट ओट्यावर होतं. अक्का आपल्या दारातून म्हणाल्या, "वहिनी, सात खडा शेतस त्यामा." वहिनींना राग आला. त्यांनी ताट पुन्हा निवडलं. सात निघाले. सर हातातला चहा तसाच ठेवून उठले म्हणतात.

मी सरांकडे संशोधन करत होते. अक्का मोजायच्या आणि मी त्यांच्या आकड्यांवर आकडेमोड करायची, अशी वाटणी. पहिल्याच दिवशी सरांनी त्यांना रेघांचे तीन प्रकार समजावले: जाड काळ्या, मध्यम भुरक्या आणि केसासारख्या बारीक. जाड रेघा फुटलेल्या केंद्रकाच्या मंद तुकड्यांच्या, बारीक रेघा नव्याने जन्मलेल्या वेगवान कणांच्या. आम्हाला खरं काम या बारकांशीच. अक्कांनी भिंगात पाहिलं, थोडा वेळ नुसतं "हं, हं" केलं, आणि सगळं शास्त्र आपल्या घरातल्या सासरे-दीर-लेकींत नेऊन बसवलं. "ह्या काया शेतस ना, त्या सासरा. दोन पावलं चालतस नि बठी जातस. भुरा त्या देर. जरासा पुढे जातस. नि ह्या बारीक त्या लेकी. ह्या थांबतस नही. काचना भाईर निंघी जातस." सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी सरांकडे पाहिलं. एवढी नेमकी व्याख्या आमच्या पुस्तकात नव्हती. पुढे महिन्याभरात आम्हीही "आज लेकी किती?" असंच विचारू लागलो, आणि एकदा तर सरांनी एका मोठ्या परिषदेत फळ्यासमोर उभं राहून 'सासरा' म्हणता म्हणता जीभ चावली.

अक्का मोजताना आवाज करायच्या नाहीत. ओठ हलायचे आणि अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरायचा. मोजणीसाठी सरांनी टिकटिक करणारं एक यंत्र आणून दिलं होतं, ते त्यांनी दोन दिवसांत परत केलं. "त्यावर मन्हा इसवास नही," म्हणाल्या. सुरुवातीला सरांनी त्यांचे दहा-बारा तारे स्वतः मोजून पाहिले. दर वेळी सरांचा आकडा एकाने जास्त यायचा. आणि दर वेळी सर मान हलवून स्वतःचाच आकडा खोडायचे. "माझ्या हातून एखादी दोनदा मोजली जाते नंदा. अक्कांचा डोळा तो अक्कांचा डोळा." मीही हो म्हणायची. आमची भक्तीच तशी होती.

दोन वर्षांत सहाशे तारे झाले. आकडे युरोपात गेले. आणि मग एक पत्र आलं.

पत्र अगदी सभ्य होतं, त्यामुळे जास्तच लागलं. आमच्याकडच्या एका काचेवरचे पन्नास तारे, ती काच इकडे येण्याआधी, दुसऱ्या देशातल्या गटानेही मोजले होते. पन्नासच्या पन्नास ताऱ्यांत जळगावचा आकडा एकाने कमी होता. कोनांच्या याद्या ताडून पाहिल्या, तर दर ताऱ्यातली सगळ्यात सरळ पुढे जाणारी रेघच आमच्याकडे नव्हती. तिथे रेघांची दाटी असते. तेव्हा दोन रेघा एकच दिसत असाव्यात, भिंगात दोष असावा किंवा बघणाऱ्याच्या नजरेत, असं त्यांचं म्हणणं. प्रयोगाचे गटप्रमुख स्वतः एप्रिलमध्ये भारतात येणार होते. ते जळगावला येतील, पाहतील, आणि पुढची पेटी आम्हाला द्यायची की नाही, आमचे सहाशे तारे ठेवायचे की टाकायचे, ते ठरवतील.

अक्कांना वाईट वाटेल म्हणून आम्ही त्यांना यातलं काहीच सांगितलं नाही. भिंगं पुसली. भिंगाखाली घालायचं तेल बदललं. तेलाची बाटली बदलली. टेबलाच्या पायाखाली रबराचे तुकडे ठेवले. पेरांवर मोजणाऱ्या बाईच्या मागे उभं राहून आम्ही दोघं शिकलेली माणसं एकमेकांना खुणा करत होतो, आणि अक्का वळून म्हणायच्या, "काय व्हयनं? शिंक उनी का?"

शेवटी मीच तो शब्द काढला. "सर, अक्कांची नजर कमी झाली असेल." सरांनी भिंग पुसायचं फडकं घडी करून ठेवलं. मग म्हणाले, "तसं असेल तर त्यांना थांबायला सांगावं लागेल." ते मला कळत होतं. कळूनही मी म्हटलं, कारण माझा प्रबंध त्याच सहाशे ताऱ्यांवर उभा होता आणि दोष कुणाचा तरी असणारच होता. मला माझी लाज वाटते, ती आजही.

मग माझं डोकं दुखतं अशी थाप मारून मी अक्कांना सोबतीला म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं आणि तिथे गेल्यावर "आलोच आहोत तर तुमचेही दाखवू" म्हणाले. अक्का खुर्चीवर ऐसपैस बसल्या. डॉक्टरांनी समोरचा तक्ता वाचायला सांगितला. त्यांनी वरपासून खालपर्यंत खडाखडा वाचला. सगळ्यात बारीक ओळही वाचली. मग तक्त्याच्या पार तळाला छापखान्याचं नाव होतं तेही वाचलं! डॉक्टर उठून तक्त्याजवळ गेले, चष्मा वर करून पाहिलं, आणि म्हणाले, "अरे, हे मला माहीतच नव्हतं." चष्मा मला लागला. अक्का रिक्षात बसल्यावर पोटभर हसल्या. "काय वं नंदा, माले म्हतारी समजनी का?"

एप्रिलमध्ये पाहुणे आले. साडेसहा फूट उंच, पांढरी दाढी, आणि जळगावच्या उन्हाने टोमॅटोसारखे लाल झालेले. त्यांनाही अक्कांनी चपला, म्हणजे बूट, काढायला लावले आणि शिंकून घ्यायला सांगितलं. सरांनी घाम पुसत इंग्रजी केलं. गंमत म्हणजे पाहुणे लगेच खणखणीत शिंकले. अक्का खूश. "हाऊ मानूस कामना शे," त्या मला हळूच म्हणाल्या.

पाहुण्यांनी काचेवरचा कुठलासा तारा काढला, आधी स्वतः मोजला आणि आकडा चिठ्ठीवर लिहून उलटा ठेवला. मग अक्का बसल्या. ओठ हलले, अंगठा फिरला. पंख्याचा आवाज तेवढा येत होता. टेबलाला धक्का लागू नये म्हणून मी दोन पावलं मागे सरकले.

"एकशे बेचाळीस."

पाहुण्यांनी चिठ्ठी उलटली. एकशे त्रेचाळीस. त्यांनी खांदे पाडले. सरांचा चेहरा पाहवेना. सर अगदी बारीक आवाजात म्हणाले, "अक्का, साहेबांना एकशे त्रेचाळीस दिसल्या."

"मंग? बरोबर शे त्यासनं. एकशे त्रेचाळीसच शेतस."

"मग तुम्ही बेचाळीस का म्हणालात?"

"एक पाखरेसनी," अक्का म्हणाल्या, इतक्या सहजपणे, की जणू सरांनी त्यांना सूर्य कुठे उगवतो ते विचारलं होतं.

आता हे सांगायला हवं. आमच्याकडे खळ्यावर धान्य मोजताना पहिल्या मापाला 'एक' म्हणत नाहीत, 'लाभ' म्हणतात. बहुतेकांकडे लाभनंतर थेट दोन येतं, त्यामुळे हिशेब चुकत नाही. पण अक्कांच्या सासरची रीत आणखी वेगळी. तिथे लाभाचं माप मोजणीत धरतच नसत. ते पाखरांसाठी वेगळं काढायचं आणि एक, दोन त्याच्यापुढे सुरू करायचं. अक्कांनी आयुष्यभर जे मोजलं ते असंच मोजलं. "पयलं माप आपलं नही ऱ्हास," त्या पाहुण्यांना समजावत होत्या, "ते पाखरेसनं."

सरांनी याचं इंग्रजी केलं. पाहुण्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "कोणती पाखरं?"

"चिमन्या, होला," अक्का म्हणाल्या. "कधी मोर बी येस."

पाहुण्यांनी तेही ऐकून घेतलं. मग त्यांनी खरा प्रश्न विचारला: वेगळी काढलेली रेघ कोणती? अक्कांना तो प्रश्न फार आवडला. "सगयासमा सरय जास ती. मोठी लेक. पाखरेसले काय पडेल-सडेल देवानं का?" म्हणजे सगळ्यात सरळ जाणारी, जिच्यासाठी हा प्रयोग मांडला होता, नेमकी ती, सहाशे वेळा, आम्ही पाखरांना घालून बसलो होतो. मला हसू फुटत होतं आणि रडूही. पाहुणे म्हणाले, कारण कळलं हे उत्तम, पण नुसता एक मिळवून भागणार नाही. प्रत्येक ताऱ्यातल्या त्या रेघेचा कोन हवा. सहाशे तारे पुन्हा शोधायला वर्ष जाईल, आणि त्यांच्या हातात दोन महिने होते. मनापासून वाईट वाटतं, असं म्हणून ते बूट घालायला वळले.

सरांनी हे अक्कांना सांगितलं. "तुम्ही त्या रेघा सोडल्याचं साहेबांना वाईट वाटतंय," असंच काहीसं.

"सोडू कसाले?" अक्का जवळजवळ ओरडल्याच. "पाखरेसनं माप कोनी फेकस का?" आणि त्यांनी डब्याच्या पिशवीतून एक शाळेची वही काढली. तिच्यात सहाशे ओळी होत्या. काचेचा नंबर, ताऱ्याचा नंबर आणि मोठ्या लेकीचा कोन, मराठी आकड्यांत. प्रत्येक कोन तीनदा मोजलेला. बाकीच्या रेघा त्या एकदाच मोजायच्या. "दुसऱ्याले द्यानं ते कमी पडाले नको," म्हणाल्या.

पाहुणे खाली बसले. बसले म्हणजे फरशीवरच बसले. सर एकेक मराठी आकडा वाचत गेले आणि ते आपल्या यादीशी जुळवत गेले. एक, पाच, दहा, वीस. पन्नासच्या पन्नास जुळले. शेवटचा जुळला तेव्हा सरांनी आनंदाने टेबलावर मूठ आपटली, टेबल हललं, आणि अक्कांनी सरांना जे काही सुनावलं त्याचं इंग्रजी कुणी केलं नाही. आमचे तारे राहिले. पुढची पेटी आली. तिच्यासोबत सगळ्या देशांतल्या गटांना एक सूचनाही आली: सगळ्यात सरळ जाणारी रेघ इथून पुढे तीनदा मोजावी.

संध्याकाळी अक्कांना घरी सोडायला मी पायी निघाले. वाटेत मी त्यांना सगळं सांगून टाकलं. पत्राचं, आणि त्यांची नजर कमी झाली असं सरांना मीच सांगितल्याचं. मला वाटलं त्या चिडतील. त्या म्हणाल्या, "माले माहीत व्हतं. डोकं दुखनारी बाई रस्ताभर गाना म्हनस का?" आम्ही दोघी हसलो. मग त्या थांबल्या. "पन नंदा, तुमीन तेल दखं, भिंग दखं, मन्हा डोया दख्या. दोन महिना. एक डाव माले इचारती, अक्का, तू कशी मोजस? मी सांगी देती." आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

पुढे नव्वदच्या दशकात मोजायला कॅमेरे आले, अक्का शिंदखेड्याला परत गेल्या आणि काही वर्षांनी तिथेच वारल्या. मी धुळ्याला शिकवायला लागले. परवा प्रॅक्टिकलला एका मुलीची सगळी वाचनं सारखीच चुकत होती. लाल पेनाने रेघ मारायला मी हात पुढे केला, तो मागे घेतला, आणि स्टूल ओढून तिच्याशेजारी बसले. म्हटलं, "तू कशी मोजतेस ते मला दाखव बघू." तिने आधी माझ्याकडे संशयाने पाहिलं. मग ती सांगायला लागली, आणि तास संपला तरी थांबेना.